तहसीलसमोरचं ऑनलाइन सेंटर, फारकतीनंतर पोरीच्या पत्त्याचं काम अन् माझे साडेतीन स्टार

साडेतीन स्टार. चार देणार होते पण अर्धा मुद्दाम कापला, का ते खाली येतंच. ज्यांना फक्त उत्पन्नाचा दाखला नाहीतर सातबारा काढायचा आहे त्यांनी एवढं लांबलचक वाचू नका, त्या कामाला हे सेंटर मस्त आहे, कागद द्या, पावती घ्या, घरी जा. मी लिहून राहिले ते माझ्यासारख्या बायांसाठी, ज्यांची फारकत झाली, लेकरू आपल्याजवळ आहे, पण लेकराच्या प्रत्येक कागदावर पत्ता अजून बापाच्या गावचाच आहे. ज्या बाबांजवळ लेकरू राहते त्यांनीही वाचा, भानगड तीच आहे, फक्त उलटी.

सेंटरचं नाव टाकत नाही. तक्रारी पण लिहायच्या आहेत अन् माणूस वाईट नाही, उगाच त्याच्या पोटावर पाय कशाला. यवतमाळ जिल्ह्यातला बॉर्डरचा तालुका, तहसीलसमोर झेरॉक्सवाल्यांची जी ओळ आहे त्यातलं एक, एवढं पुरे. 'आपले सरकार'चा बोर्ड, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर जो बाजूनं थापटल्याशिवाय कागद ओढत नाही, बाहेर बसायला बाकडं. चालवणारा दादा स्वतः अन् हाताखाली एक पोट्टा.

आधी माझं प्रकरण सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. माहेर इकडं, सासर पैनगंगेच्या पलीकडं आदिलाबाद जिल्ह्यात. अंतर म्हणाल तर काहीच नाही, हायवेनं नदी ओलांडली की तेलंगणा. आमच्याकडं सोयरिकी नेहमीच अशा अल्याडपल्याड होतात, तिकडंही घरात मराठीच बोलतात, लग्न जमवताना राज्य कोणी पाहत नाही. माझं लग्न झालं तेव्हा तिकडं आंध्र होतं, 2014 ला तेलंगणा झालं, पोरगी त्याच्यानंतरची. पहिलं बाळंतपण माहेरी या रिवाजानं ती जन्मली इकडच्या सरकारी दवाखान्यात (हा रिवाज पुढं भलताच कामी आला), पण राहिलो तिकडं, त्यामुळे आधार तिकडचं, रेशन कार्डात नाव तिकडं, अंगणवाडी अन् पहिली तिकडं. मग जे व्हायचं ते झालं, मी पोरीला घेऊन माहेरी आले, पुढं संमतीनं घटस्फोट झाला. हुकूमनाम्यात लिहिलं की मुलगी आईच्या ताब्यात राहील, वडील महिन्यातून एका रविवारी भेटतील, पोटगी इतकी. बस. मुलगी कोणत्या गावात राहील, तिची शाळा अन् सरकारी कागद कोण पाहील, यातलं एक अक्षर नाही. वकिलाकडं तयार मसुदा असतो, त्यात नावं अन् रकमा भरतात, सही झाली की विषय संपला.

विषय संपत नाही ना पण. पोरगी आता पाचवीत आहे, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत, अन् गुरुजी म्हणाले हिला नवोदयला बसवा. नवोदयचा नियम असा की ज्या जिल्ह्यातलं नवोदय, लेकरू त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत पाहिजे अन् राहतही तिथंच पाहिजे. आमच्या जिल्ह्याचं नवोदय घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला आहे. सहावीला फार तर 80 लेकरं घेतात, त्यात कमीत कमी 75 टक्के जागा ग्रामीणच्या, अन् ग्रामीणमध्ये धरायचं तर तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत झालेली पाहिजेत. शाळेचं आमचं चोख आहे, ती दुसरीपासून इथंच आहे. पण आधार उघडलं की जिल्हा आदिलाबाद, राज्य तेलंगणा. म्हणजे पोरगी रोज सकाळी माझ्या डोळ्यासमोर गावातल्या शाळेत जाते अन् कागदावर ती दुसऱ्या राज्यात राहते.

आता सेंटरचं चांगलं ते आधी. बाकी ठिकाणी मी गेले तर पहिला शब्द "बापाची सही आणा". हा दादा तसं बोलला नाही. सगळे कागद टेबलावर पसरून पाहिले, हुकूमनामा दोनदा वाचला, अन् विचारलं, "ताई, पत्ता बदलाचा हे मले समजलं, पण दाखवाचा कोनाले हाय? नवोदयले, कोर्टाले, का पासपोर्टले? सगळ्याइले येगयेगळं लागते." खरं सांगते, या एका प्रश्नाचे तीन स्टार आहेत. कारण आपण समजतो की लेकराचा कायदेशीर पत्ता म्हणजे एक काहीतरी गोष्ट आहे, ती एकदा कुठंतरी शिक्का मारून ठरली की झालं. तसं काही नसतेच. शाळा वेगळं विचारते, तहसील वेगळं, आधारवाले वेगळं, कोर्ट तर एकदमच वेगळं, अन् प्रत्येकाच्या कागदांची यादी निराळी. हे मला त्याच्या बाकड्यावर बसून कळलं, त्यानं एका जुन्या पावतीच्या मागच्या बाजूला पेननं रकाने पाडून लिहून दिलं, तो कागद अजून माझ्या फाईलीत आहे.

शाळेचं सगळ्यात सोपं निघालं, ते तर आधीच झालं होतं. पोरीला इकडं आणलं तेव्हा तिकडची शाळा टीसी देईना, बाबा आल्याशिवाय देणार नाही म्हणे. आमचे मुख्याध्यापक म्हणाले टीसी येईल तेव्हा येईल, तुम्ही लेकरू बसवा. त्यांनी काही उपकार केले नाहीत, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 5 मध्येच आहे की टीसीला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. तरी बरेच जण अडवतात म्हणून त्यांचं कौतुक. ज्या बाया आत्ता लेकरू घेऊन माहेरी आल्या असतील त्यांनी हे पहिलं करा. बाकी कागद मागून होतात, हजेरीपटावरचं नाव मागून लावता येत नाही, अन् पुढं प्रत्येक ठिकाणी तोच कागद सगळ्यात जास्त कामी येते.

आधारनं मात्र घाम काढला. दादाकडं आधारची मशीन नाही, तो ऑनलाइन तेवढं करून देते. आता एक सोय आहे, 2023 पासून सुरू झाली, की लेकराच्या नावाचा पत्त्याचा पुरावा नसला तरी कुटुंबप्रमुख म्हणून आई आपल्या आधारवरचा पत्ता लेकराला देऊ शकते, फक्त नातं दाखवणारा कागद पाहिजे. जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव असतेच. माझं आधार मी आधीच माहेरच्या पत्त्यावर करून घेतलं होतं. मग अडलं कुठं? पोरीच्या आधारला मोबाईल नंबर लागलेला तिच्या बाबांचा. दादानं नंबर टाकला, ओटीपी पाठवा दाबलं, अन् ओटीपी गेला पैनगंगेपार. दोन मिनिटात त्यांचा फोन, "काय करून राहिली तू पोरीच्या आधारचं?" बाकड्यावरची सगळी मंडळी ऐकून राहिली होती. दादानं खुणेनं सांगितलं बोलू नका, बंद करा. मग त्यानंच सांगितलं की आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदला, तिथं पोरीचं बोट लागते, ओटीपीचं काम नाही. पोरीचे पाच वर्षांनंतरचे ठसे अपडेट व्हायचे राहिले होते तेही त्याच वेळी करून घ्या म्हणाला. (पाच झाल्यावर एकदा अन् पंधरा झाल्यावर एकदा ठसे नव्यानं द्यावे लागतात, खूप जणांचं राहूनच जाते.) ते झाल्यावर पत्ता बदलला. हे त्यानं ओटीपी पाठवायच्या आधी विचारलं असतं, की ताई नंबर कोणाचा लागला आहे, तर तो फोन आला नसता. दोघं वेगळे झालेले असले की घरातला नंबर म्हणजे कोणाचा, हे पहिलं विचारायला पाहिजे. पण ठीक आहे, याचा स्टार मी कापला नाही.

डोमिसाइलचा खेळ त्याच्यापुढचा. नवोदयला त्याची गरज नव्हती, पण बारावीनंतर इथल्या मेडिकल-इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनला लागतेच, अन् दादा म्हणाला हात लागलाच आहे तर आत्ताच करून टाका, तेव्हा ऐन गर्दीत धावपळ नको. पूर्ण नाव वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. त्याला महाराष्ट्रातला 15 वर्षांचा रहिवास दाखवा लागते. आता दहा-अकराच्या पोरीचे 15 वर्षं आणायचे कुठून, म्हणून आईबापाचे कागद लागतात. इथंच मेख आहे. त्या दिवशी दादा कुठं लग्नाला गेला होता अन् फॉर्म भरला पोट्ट्यानं. त्यानं सवयीनं वडिलांचं टाकलं, वडिलांचं आधार माझ्या फाईलीत होतंच, लावून दिलं, मला म्हणे, "डोमिसाइल तं बापाचंच लागते ना काकू, नियमच हाय तो." अर्ज वापस आला. शेरा असा की वडिलांच्या 15 वर्षांच्या महाराष्ट्रातील रहिवासाचा पुरावा जोडावा. माणूस जन्मापासून नदीपलीकडं राहते, तो पुरावा आणणार कुठून? पोट्टा म्हणे मग होत नाही, पोरगी तेलंगणाचीच झाली.

हे ऐकून मी तिथून उठून कोर्टात गेले. रागानंच गेले खरं तर. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं वकील फुकट मिळतो, अन् हे बहुतेक बायांना माहीतच नाही. 1987 चा कायदा आहे, त्याच्या कलम 12 प्रमाणे बाई असली की तिला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न किती ते पाहत नाहीत, लेकरांनाही तसंच. जायला जमत नसेल तर 15100 हा नंबर आहे. केस नसली अन् नुसता सल्ला पाहिजे असला तरी चालते. आमच्या इथं बसणाऱ्या वकील मॅडम शांतपणे ऐकून घेतात, मध्येच घड्याळ पाहत नाहीत, त्यांना वेगळे पाच स्टार, त्यातला एक तर नुसता सोप्या मराठीत बोलल्याबद्दल.

"बापाचंच लागते" हे ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, हे खूळ कुठून आलं ते सांगते. 1925 चा भारतीय वारसा कायदा आहे, त्यात लिहिलं आहे की औरस लेकराचं जन्माचं अधिवासाचं ठिकाण बापाचं तेच, अन् अज्ञान असेपर्यंत ते त्याच्या मागंच चालते. पण तो भाग हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख अन् जैन यांना लागूच नाही असं त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. (मग आपल्या तालुक्यात उरलं कोण?) शिवाय तो वारसाहक्कासाठी, तहसीलच्या दाखल्यासाठी नाही. दुसरं म्हणजे सुप्रीम कोर्टानं 1984 मध्ये, मेडिकलच्या ॲडमिशनच्याच एका प्रकरणात सांगितलं की भारतात अधिवास एकच, तो भारताचा, राज्याराज्याचा वेगळा नसतो. राज्यवाले ज्याला डोमिसाइल म्हणतात तो खरं पाहता तिथला रहिवास. मग रहिवास कोणाचा पाहायचा? ज्याच्याजवळ लेकरू राहते त्याचा. तुमचा जन्म इथला, शाळा इथली, पोरीचा जन्म इथला, ताबा कोर्टानं तुम्हाला दिला, मग तुमचेच कागद लावा ना, वडिलांचे लावलेच कशाला?

असं केलं. माझी शाळा सोडल्याचा दाखला, पोरीचा जन्मदाखला (दवाखाना महाराष्ट्रातला, म्हणजे माहेरच्या बाळंतपणाच्या रिवाजानं वाचवलं), हुकूमनाम्याची नक्कल, तीही साधी झेरॉक्स नाही तर कोर्टाच्या शिक्क्याची, शाळेचं बोनाफाईड, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला अन् बाबांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या घरटॅक्सच्या पावत्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असते, पण तलाठी म्हटल्याशिवाय आमच्या गावात कोणी वळून पाहत नाही, तर त्यांच्याकडूनही चौकशी झाली. दादानं नवीन अर्ज स्वतः बसून भरला, वडिलांच्या रकान्यात नाव तेवढं ठेवलं, पुरावे सगळे आईचे, अन् वरून एक साधं अर्धा पान लिहून जोडलं की मुलगी घटस्फोटापासून आईजवळ अमुक गावी राहते. दाखला आला. पावतीवर केव्हापर्यंत मिळेल ती तारीख छापलेली असते ती पाहून ठेवत जा, 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं तो आपला हक्क आहे, तारीख उलटली नाहीतर कारण न देता नाकारलं तर अपील करता येते.

आता जे सगळ्यात कामाचं आहे ते, अन् ते सेंटरवाल्याकडून नाही, मॅडमकडून. आधारचा तो ओटीपी गेल्यावर पोरीचे बाबा चिडले अन् म्हणाले मी आदिलाबादच्या कोर्टात केस टाकतो, पोरगी माझ्या पत्त्यावर आहे, तिथंच चालेल. माझ्या पोटात गोळा आला. मॅडमनी 1890 चा पालक-पाल्य कायदा काढला, इतका जुना कायदा अजून चालू आहे बघा. त्याचं कलम 9 सांगते की लेकराच्या ताब्याचा, पालकत्वाचा अर्ज ज्या जिल्हा न्यायालयाच्या हद्दीत लेकरू साधारणपणे राहते तिथंच करायचा. बाप कुठं राहते, आई कुठं राहते, आधारवर काय छापलं आहे, हा प्रश्नच नाही, लेकरू कुठं राहते तो प्रश्न. अन् सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये सांगितलं की साधारणपणे कुठं राहते ही वस्तुस्थितीची गोष्ट आहे, पुराव्यानं ठरवायची. म्हणजे शाळेची हजेरी, दवाखान्याचे केसपेपर, शेजारीपाजारी. कोणी चार दिवस लेकरू उचलून नेलं म्हणून तिथला रहिवास होत नाही, सुट्टीत मामाकडं ठेवलं म्हणून मामाच्या गावचाही होत नाही. अन् हुकूमनाम्यातलं ताब्याचं काही बदलायचं असेल तर ज्या कोर्टानं तो दिला तिथंच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अर्ज करायचा. हे मी पोरीच्या बाबांना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. अजून तरी केस आली नाही.

एक गोष्ट मॅडमनी खडसावून सांगितली तीही लिहिते, नाहीतर एकतर्फी होईल. ताबा तुमच्याकडं आहे म्हणून बाप पालक राहिला नाही असं समजू नका. 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात आजही नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप अन् मग आई असंच छापलेलं आहे. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं त्याचा अर्थ सैल केला, की बाप जिवंत असला तरी लेकराकडं पाहतच नसेल तर आईच पालक. पण पोरीचे बाबा पाहतात, रविवारी येतात, फी विचारतात. तर त्यांना न सांगता दडपून कागद करायचे नाहीत, लेखी कळवायचं अन् प्रत ठेवायची. मला तेव्हा ते आवडलं नाही. पण पत्र पाठवलं रजिस्टर पोस्टानं, अन् त्याच्यानंतर रेशन कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला त्यांनीच आणून दिला, मला तिकडं चकरा मारायला लागल्या नाहीत.

ज्यांचं संमतीचं प्रकरण आत्ता कोर्टात आहे त्यांनी सही करायच्या आधी वकिलाला सांगा, मसुद्यात एवढं टाका: मुलगी आईजवळ (नाहीतर वडिलांजवळ, जे असेल ते) राहील, आत्ता अमुक गाव, तालुका, जिल्हा इथं राहते, तिचं आधार, रेशन, शाळा, पासपोर्ट, दाखले काढायचा अधिकार त्याच पालकाला, दुसऱ्या पालकानं लागेल तिथं सही द्यायची, गाव बदललं तर एकमेकांना कळवायचं. तीन-चार ओळींचं काम आहे. कोणी वकील म्हणेल याची गरज नाही, तरी टाकायला लावा, पैसे आपण देऊन राहिलो. पासपोर्टला तसा आता कमी त्रास आहे, डिसेंबर 2016 पासून फॉर्ममध्ये आईबापापैकी एकाचंच नाव दिलं तरी चालते अन् घटस्फोटाचा हुकूमनामा मागत नाहीत. पण बाकीच्या खिडक्यांवर या ओळी दाखवल्या की तोंड बंद होते.

आता तो अर्धा स्टार. पोट्टा अर्ज भरता भरता माझा हुकूमनामा मोठ्यानं वाचत होता. मोठ्यानं! पोटगीचा आकडा, भेटायचा रविवार, सगळं, अन् मागं माझ्याच गावचे दोन जण पीक विम्यासाठी उभे. संध्याकाळपर्यंत आकडा गावात पोचला, तोही वाढवून. अन् पुढच्या वेळी पाहते तर माझा हुकूमनामा, पोरीचं आधार, सगळं त्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर माझ्या आडनावानं ठेवलेलं, कोणीही येऊन उघडावं असं. मी दादाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं लगेच डिलीट केलं, रिसायकल बिनमधूनही काढलं, पोट्ट्याला माझ्यासमोरच झापलं. झापल्यानं गावातलं तोंड बंद होत नाही ना. बायांनो, कागद व्हॉट्सॲपवर पाठवू नका, स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये न्या, काम झालं की समोर उभं राहून डिलीट करायला लावा, लाजू नका.

पैशाचं म्हणाल तर सरकारी फी पावतीवर असते तेवढीच घेतली, वरून स्कॅनिंग-प्रिंटचे वेगळे, अन् वापस आलेल्या अर्जाचे दुसऱ्यांदा घेतले नाहीत, न सांगता सोडले, हे चांगलं वाटलं. पावती मागितल्याशिवाय देत नाही, मागा.

जातीच्या दाखल्याचं काम इथं दिलं नाही अन् तुम्हीही घाई करू नका. तिथं राहते कुठं हा प्रश्न नसतोच, तिथं बापाकडचेच जुने कागद मागतात, ओबीसीला तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा महाराष्ट्रातला रहिवास, अन् बाप दुसऱ्या राज्यातला असला की तो निराळाच गुंता आहे. पोट्टा "करून देतो काकू" म्हणेल, त्याला हो म्हणू नका, आधी कोर्टात जाऊन मॅडमना भेटा, त्या सोमवार अन् गुरुवारी दुपारपर्यंत बसतात.

नवोदयचा फॉर्म दादानंच भरून दिला, जिल्हा यवतमाळ, शाळेच्या गुरुजींची सही-शिक्का घेऊन. पुढंही कागद असले की याच्याकडंच जाईन, पण दादा स्वतः असेल तेव्हाच, आधी फोन करून. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, सर्व्हर चालू असला तरी उभं राहायला जागा नसते. बाकी दिवशी दहाच्या आत गेलं तर बाकड्यावर जागा मिळते अन् प्रिंटरही तोवर तापलेला नसते.